लाकडं कुणी आणली? : 'स्वामी' कादंबरी, थेऊरची चिता आणि आपण



एखादे पुस्तक वाईट निघाले तर माणूस ते मिटून ठेवतो आणि विसरतो. पण पुस्तक चांगले लिहिलेले असावे, त्याने आपल्याला शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवावे, डोळ्यांत पाणी आणावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचाच आपल्याला जाब द्यावा लागावा, असे झाले तर काय करायचे? आमच्या अभ्यासगटाचे हेच झाले. पुस्तकाचे नाव 'स्वामी', लेखक रणजित देसाई.

घणसोलीतल्या एका विहारात दर रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण बसतो. कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कुणी तुर्भ्याच्या मार्केटमध्ये हिशेब लिहितो, कुणी महापेला कंपनीत आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघाले आणि इकडच्या दगडखाणींवर येऊन थांबले. सिडकोने आखलेल्या या शहराच्या पायात त्यांनी फोडलेली खडी आहे. घरात पुस्तके वाचणारी आमची पहिली किंवा फार तर दुसरी पिढी.

'स्वामी'ची शिफारस आम्हाला कुण्या पेशवाईप्रेमीने केली नाही, हे आधीच सांगतो. ती केली आमच्याच एका काकांनी. काका बँकेतून निवृत्त झालेले, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले. आमच्या लेखांचे कच्चे खर्डे वाचून ते एकदा म्हणाले, "बाबासाहेब तुम्ही वाचता, फुले वाचता. ते सोडू नका. पण मराठी वाक्य कसं चालतं ते कळायला एकदा 'स्वामी' वाचा." मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत सगळे 'स्वामी'वर बोलायचे. मी डबा खात गप्प बसायचो. शेवटी पगार झाल्यावर विकत आणली आणि दोन रात्रींत वाचली. मग मीही बोलायला लागलो."

या शेवटच्या वाक्यात पुष्कळ समाजशास्त्र आहे. आपल्या आधीच्या पिढीला नोकरी आरक्षणाने मिळाली, पण जेवणाच्या टेबलावरची खुर्ची 'अभिरुची'ने मिळत होती. तिथे बसायचे तर ठरावीक नाटके, ठरावीक गाणी आणि ठरावीक कादंबऱ्या माहीत असाव्या लागत. याला समाजशास्त्रात सांस्कृतिक भांडवल म्हणतात. काकांनी ते भांडवल कष्टाने कमावले आणि प्रेमाने आमच्या हाती दिले. म्हणून आमची निराशा काकांवर नाही. ती कशावर आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

कादंबरीचे जे द्यायचे ते श्रेय

'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची जी मोठी लाट आली, तिच्या अग्रभागी हे पुस्तक उभे आहे. पुढे त्यावर दूरदर्शनची मालिकाही झाली. आजही पुस्तक प्रदर्शनात ती पहिल्या रांगेत असते.

तिचा नायक थोरले माधवराव पेशवे. १७६१ च्या पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी, मोडकळीला आलेले राज्य या मुलाच्या हाती आले. एका बाजूला हैदर आणि निजाम, दुसऱ्या बाजूला घरातच चुलता राघोबा. अकरा वर्षांत त्यांनी कारभार सावरला. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश त्यांच्या पदरी होता. सरकारी अंमलदारांनी रयतेकडून फुकट वेठ घेऊ नये म्हणून त्यांनी कडक धोरण ठेवल्याचे इतिहासकार सांगतात. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने थेऊरला त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यांची पत्नी रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेली.

हे सगळे आम्ही नाकारत नाही. माधवराव कर्तबगार होते, हे मान्य करायला आंबेडकरी माणसाला काही अडचण नाही. शत्रूच्याही गुणांची नोंद घेणारी आपली परंपरा आहे. शिवाय देसाईंच्या भाषेत ओढ आहे, हेही खरे. आमच्यातली एक मुलगी, जी राज्यसेवेची तयारी करते, तिने चार रात्रींत पुस्तक संपवले आणि शेवटी ढसाढसा रडली. ती एकटीच नाही. आम्हीही रडलो.

एका आईचे दोन प्रश्न

त्या मुलीची आई कंत्राटदाराकडे सफाईचे काम करते. पहाटे साडेपाचला घर सोडते. तिला वाचता येत नाही, पण गोष्ट ऐकायला आवडते. मुलीने रात्री भाकरी खाताना तिला सगळी कादंबरी सांगितली. राघोबाचे कपट, पेशव्यांचा खोकला, रमाबाईंचा जीव, थेऊरचा गणपती आणि शेवटी चिता.

आई ऐकत होती. ती रडली नाही. तिने दोन प्रश्न विचारले.

"मग त्या बाईला कुनी धरलं कसं न्हाई?"

आणि थोड्या वेळाने, "एवढी लाकडं कुनी आनली असतील गं?"

मुलगी रविवारी हे दोन प्रश्न घेऊन आली आणि आमची चर्चा तिथेच बदलली. तोपर्यंत आम्ही व्यक्तिचित्रण, संवाद, निसर्गवर्णन असले बोलत होतो. एम.ए. केलेल्या आम्हा लोकांना जे सुचले नाही ते झाडू मारणाऱ्या बाईला सुचले. कादंबरीने आपल्याला चितेच्या समोर उभे केले होते, तिथून फक्त ज्वाळा आणि शालू दिसत होता. आई चितेच्या मागच्या बाजूला उभी होती. तिथून लाकडे दिसतात.

पहिला प्रश्न : कुणी धरले कसे नाही?

कादंबरीचे उत्तर आहे प्रेम. रमाबाईंचे माधवरावांवर इतके प्रेम होते की त्यांच्याशिवाय जगणे त्यांना शक्यच नव्हते. वाचक हे उत्तर स्वीकारतो, कारण आधीच्या सगळ्या पानांनी त्याची तयारी करून घेतलेली असते.

आता जरा इतिहासाकडे पाहू. सती जाणे ही त्या घराण्यातली सर्वांना लागू असलेली रीत होती का? नव्हती. माधवरावांचे वडील नानासाहेब १७६१ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. पेशवेपदावर बसणाऱ्या मुलाची ती आई होती. माधवरावांचा धाकटा भाऊ नारायणराव याचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. त्याची पत्नी गंगाबाई सती गेली नाही. ती गरोदर होती आणि तिच्या पोटी पुढचा पेशवा जन्मायचा होता. रमाबाईंना मूल नव्हते.

आम्ही असे म्हणत नाही की रमाबाईंना कुणी ढकलले. आम्ही एवढेच म्हणतो की जी वारसाची आई होती ती राहिली, जी वारसाची आई होणार होती तीही राहिली, आणि जिला मूल नव्हते ती गेली. तीन बायकांच्या प्रेमात फरक होता असे समजायचे की त्यांच्या राजकीय उपयोगात?

आणखी मागे जा. १७४९ च्या डिसेंबरात साताऱ्याला छत्रपती शाहू वारले. त्यांची राणी सकवारबाई पेशव्यांच्या विरोधातली. ती सती गेली. तिला त्या कोंडीत पकडण्यामागे नानासाहेब पेशव्यांचे राजकारण होते, हे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. म्हणजे माधवरावांच्याच वडिलांच्या कारकिर्दीत चिता हे विरोधक बाईला संपवण्याचे हत्यार होऊ शकत होते.

आणि धरणारे हात नव्हते असेही नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर मारला गेला. त्याची बायको अहिल्या सती निघाली. सासरे मल्हारराव आडवे आले. "धरलं" ते असे. त्याच अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत जवळपास तीन दशके राज्य केले. विशेष म्हणजे ही कारकीर्द सुरू झाली तेव्हा पुण्यात पेशवेपदावर माधवरावच होते. राघोबाच्या मनात होळकरांची दौलत असताना माधवरावांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला. एक विधवा स्त्री राज्य चालवू शकते, हे ज्या माणसाने स्वतःच्या कारभारात मान्य केले, त्याच्याच बायकोसाठी विधवा म्हणून जगणे अशक्य का ठरले? खरी कादंबरी इथे होती. पण 'स्वामी' हा प्रश्न विचारत नाही, कारण विचारला तर रडता येत नाही.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच उत्तर दिले होते

९ मे १९१६. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचतात. पुढच्या वर्षी तो छापून येतो. आपल्यातल्या किती जणांनी तो नीट वाचला आहे? 'जातिनिर्मूलन'ची वाक्ये आपण पोस्टरवर टाकतो, पण सतीचे कोडे बाबासाहेबांनी सोडवले ते या निबंधात.

त्यांचा युक्तिवाद साध्या भाषेत असा. जात म्हणजे आपसातच लग्न करणारा बंद गट. गट बंद ठेवायचा तर त्यात लग्नाच्या वयाच्या बाया आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की एक बाई 'जादा' होते. तिने गटाबाहेर लग्न केले तर जात फुटते. गटातच पुन्हा लग्न केले तर दुसऱ्या कुमारिकेचा नवरा जातो. मग या जादा बाईचे काय करायचे? एक, तिला नवऱ्याबरोबर जाळायचे. दोन, तिला आयुष्यभर विधवा ठेवायचे, केस कापून, रंग उतरवून. आणि बायको मेलेल्या पुरुषाचे? त्याला जाळायचे नाही, तो गटाला मोलाचा आहे. त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली पोर बायको म्हणून द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाईट चाली नाहीत. एकाच कुलपाच्या त्या तीन किल्ल्या आहेत.

याच निबंधात बाबासाहेब पुढे एक अचूक गोष्ट सांगतात. या चालींचा गौरव होतो म्हणून त्या पाळल्या गेल्या नाहीत. त्या पाळाव्या लागत होत्या म्हणून त्यांचा गौरव करावा लागला. आधी कडू गोळी, मग तिच्यावर साखर. सतीत्व, पातिव्रत्य, जन्मोजन्मीची गाठ ही सगळी ती साखर.

आता 'स्वामी' हातात घ्या. आमची निराशा इथे आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली साखर खरवडून गोळी दाखवली होती. ४६ वर्षांनी, १९६२ साली, स्वतंत्र भारतात, संविधान लागू होऊन बारा वर्षे झाल्यावर, मराठीतल्या एका ताकदीच्या लेखकाने त्या गोळीवर पुन्हा साखरेचा नवा थर चढवला आणि सगळ्या महाराष्ट्राने तो गोड मानून घेतला. आम्हीही.

कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी कशाला उकरता? जुन्या नाहीत. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातल्या देवराला गावात रूपकुंवर ही १८ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. त्यानंतर हजारो लोक तिथे नारळ घेऊन जमले, म्हणून सतीचे उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. १८२९ साली बंदी घातलेल्या प्रथेसाठी १९८७ साली पुन्हा कायदा का लागतो? कारण कायद्याने चिता विझते, साखर विरघळत नाही. ती घराघरात, मालिकांत, कादंबऱ्यांत टिकून राहते.

आणि हेही लक्षात ठेवा. सती किंवा केशवपन हा उच्चवर्णीय बायकांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. विधवेला आणि मुलीला मालमत्तेत हक्क मिळावा, बाईला घटस्फोट घेता यावा म्हणून ते हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि ते रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले. रमाबाई पेशव्यांच्या चितेवर कादंबरीने फुले वाहिली. अशा रमाबाई जिवंत राहाव्यात म्हणून लढले ते बाबासाहेब.

दुसरा प्रश्न : लाकडं कुणी आणली?

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' हे पुस्तक १९१५ सालचे. जुन्या महाराष्ट्रातले गाव कसे चालत होते याचा तो तपशीलवार दस्तऐवज आहे. त्या गाड्यात महाराची कामे कोणती? गावाची राखण, सरकारी वसुली तालुक्याला पोचवणे, अधिकाऱ्याच्या घोड्याला वैरण, हद्दीच्या भांडणात साक्ष, मेलेली ढोरे ओढणे, कुणी मेले की परगावच्या नातेवाइकांना सांगावा देणे, आणि मसणवट्यात सरणाची लाकडे पोचवणे. आपल्या आजोबा-पणजोबांना कुणालाही विचारा. सांगावा घेऊन रात्रीबेरात्री दहा-दहा कोस चाललेला माणूस प्रत्येक घरात सापडेल.

थेऊर हेही त्या गावगाड्यातलेच गाव. ज्या व्यवस्थेत सरणाचे लाकूड महाराच्या डोक्यावरून येते आणि सरणाजवळ मात्र त्याची सावलीही चालत नाही, त्या व्यवस्थेच्या शिखरावर पेशवे बसले होते. कादंबरीत पालख्या आहेत, पण भोयांचे चेहरे नाहीत. झाडलेले रस्ते आहेत, झाडणारा नाही. चिता आहे, लाकूड वाहणारा नाही. लेखकाने त्यांना वाईट रंगवले असते तरी भांडता आले असते. त्याने त्यांना रंगवलेच नाही.

"पेशवाईत अस्पृश्यांचा छळ झाला, याला पुरावा काय?" हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. तर ऐका. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये १९३६ साली पुण्यातल्या पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असल्याचे लिहिले. त्याच्या ८१ वर्षे आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला. विषय मांग-महारांचे दुःख. पेशवाई बुडून तेव्हा फक्त ३७ वर्षे झाली होती. तिच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली होती. तालमीपुढून अस्पृश्य गेला तर त्याचे शिर उडवून त्याच्याशी कसा चेंडूचा खेळ होई, इमारतींच्या पायात तिच्या लोकांना कसे गाडले जाई, कुणी लिहा-वाचायला शिकले तर कसा कोप होई, हे ती लिहिते. आणि बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसे, हेही तीच लिहिते.

प्रामाणिकपणे सांगायचे तर मुक्ता लिहिते ते बाजीरावाच्या राज्याबद्दल. माधवराव त्याच्या आधीच्या पिढीतले. मुक्ताच्या वाक्यांचा आरोप जसाच्या तसा माधवरावांवर ठेवणे चूक होईल. पण अस्पृश्यता दुसऱ्या बाजीरावाबरोबर १७९६ साली आकाशातून पडली नाही. माधवरावांनंतर काही वर्षांतच पेशवे सरकारने पंढरपूरबाबत हुकूम काढला. देवळासमोर चोखोबाची समाधी. तिथे दर्शनाला येणाऱ्या अस्पृश्यांचा गर्दीत स्पर्श होतो, म्हणून त्यांनी जवळ येऊ नये, लांबूनच पूजा करावी. आपल्याच संताच्या समाधीपासून आपल्याच माणसांना हटवणारे हे सरकारी फर्मान आहे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी पेशवे दप्तरातल्या अशा नोंदी अभ्यासून दाखवून दिले की जातीची उतरंड फक्त समाज सांभाळत नव्हता, राज्यसंस्था ती अंमलात आणत होती.

माधवरावांनी अंमलदारांची वेठ रोखली असेल. पण महाराची वेठ वतन म्हणून जन्माने लागलेली होती आणि ती कुठल्याही पेशव्याने रोखली नाही. ती मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष वतने खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे 'स्वामी' छापली गेली तेव्हा सरणाची लाकडे वाहण्यातून आपल्या माणसांची कायद्याने सुटका होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. लाकडे वाहिलेली माणसे जिवंत होती. त्यांना कुणी विचारले नाही.

पुस्तकाचे नाव पुन्हा एकदा वाचा. स्वामी म्हणजे धनी, मालक. बाईचा मालक आणि रयतेचा मालक. त्याच पुण्यातून १८७३ साली जोतीरावांनी एक पुस्तक काढले, त्याचे नाव 'गुलामगिरी'. एकाच व्यवस्थेकडे वरून पाहिले की 'स्वामी' दिसतो, खालून पाहिले की 'गुलामगिरी' दिसते.

"अहो, ती कादंबरी आहे!"

हा आक्षेप आमच्याच गटात आला. ललित साहित्याला इतिहासाची फूटपट्टी लावू नका, असे एकाने सांगितले. मान्य. पण मग लोकांनीही ललित साहित्याला इतिहास म्हणून वाचू नये. आज किती जणांना माधवराव रियासतीतून माहीत आहेत आणि किती जणांना 'स्वामी'मधून? थेऊरला गणपतीच्या दर्शनाला जाणारी मंडळी रमाबाईंच्या स्मारकापुढे हात जोडतात, ते दप्तर वाचून नव्हे.

दुसरे, त्या काळात वेगळे लिहिता येत नव्हते, हेही खोटे आहे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, उद्घाटन अण्णाभाऊ साठेंनी केले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली, तीही ऐतिहासिक कादंबरीच. तिचा नायक मांग आहे, तो भुकेल्या गावासाठी धान्य लुटतो, आणि पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेले आहे. १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. म्हणजे 'स्वामी'च्या काही वर्षे मागेपुढे मराठीत लाकडे वाहणाऱ्यांच्या बाजूने लिहिणारे लेखक उभे होते. काकांच्या बँकेतल्या टेबलावर त्यांचे नाव निघत नव्हते, एवढेच.

इथे लेखकाच्या जातीचा मुद्दा कुणी काढू नये. रणजित देसाई कोवाडचे, ब्राह्मण नव्हते. ब्राह्मण्य हा दृष्टिकोन आहे, तो कुणाच्याही लेखणीत शिरतो. तो आमच्या डोळ्यांतही शिरला, म्हणून तर आम्ही रडलो.

आपलेही काही चुकते

आता आपल्याकडे वळू. 'फकिरा' आमच्या गटात किती जणांनी पूर्ण वाचली होती? बारापैकी तिघांनी. मुक्ता साळवेंचा निबंध? नाव सगळ्यांना माहीत, वाचलेले दोघे. १९१६ चा निबंध? एक. आणि मोबाईलवर बाबासाहेबांच्या फोटोखाली फिरणारी वाक्ये, जी त्यांनी कुठे लिहिली हे कुणालाच सांगता येत नाही, ती मात्र सगळ्यांनी पुढे पाठवलेली. मग 'स्वामी'ने आपली जागा घेतली याचा दोष फक्त 'स्वामी'ला कसा देणार? रिकाम्या घरात कुणीही राहायला येते.

'स्वामी' जाळा, बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. वाचा. पण एकटी वाचू नका. आमच्या गटाने आता एक नियम केला आहे. अशी प्रत्येक कादंबरी दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवून वाचायची. 'स्वामी'च्या आधी मुक्ता साळवेंचा निबंध, 'स्वामी'च्या नंतर बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध. दोन्ही मिळून एका बैठकीत वाचून होतात. आणि प्रत्येक पुस्तकाला आईचे ते दोन प्रश्न विचारायचे. जी मरते आहे तिला कुणी धरले का नाही? आणि लाकडे कुणी आणली?

आम्ही पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा काकांना हे सगळे सांगितले. वाईट वाटेल अशी धास्ती होती. काकांनी ऐकून घेतले. म्हणाले, "माझे आजोबा सांगावा घेऊन जायचे. लाकडंही टाकायचे. मी 'स्वामी' दोनदा वाचली, पण मला आजोबा नाही आठवले." मग पुस्तक आमच्याकडेच परत सरकवले. "राहू द्या गटात. पुढच्या पोरांना द्याल तेव्हा त्या बाईचे प्रश्न पहिल्या पानावर लिहून द्या."

तसे लिहिले आहे. अक्षर त्या मुलीचे आहे, आणि खाली तिच्या आईचे नाव आहे. आई आता सही करायला शिकते आहे.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!